कलिंगड खाल्लं की पोपटाची शी पातळ होते, म्हणून फळं बंद करायची का?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. घरी दीड वर्षाचा सन कॉन्यूर जातीचा परदेशी पोपट आहे, नाव मँगो. त्याला रोज सूर्यफूल आणि राळ्याचं मिश्रण एक वाटी, शिवाय सफरचंद, द्राक्षं, केळं अशी फळांची एक वाटी. गेल्या आठवड्यात कलिंगड दिलं आणि पिंजऱ्याखालचा पेपर ओलाचिंब झाला. दुकानदार म्हणाला, फळं ताबडतोब बंद करा आणि पाण्यात हे थेंब टाका. सासूबाई म्हणतात, माझ्या माहेरचा पोपट पेरू आणि हिरव्या मिरच्या खाऊन वीस वर्षं जगला. भाजी दिली तर मँगो ती उचलून खाली टाकतो. तर फळ कोणतं द्यायचं, किती द्यायचं, की द्यायचंच नाही?

आधी ओल्या पेपरचं बघू, कारण तुमची झोप त्याने उडाली आहे. मात्र माझ्या मते खरी काळजी करण्यासारखी गोष्ट ती नाही.

पक्ष्याची लघवी आणि शी वेगवेगळी होत नाही. एकाच जागेतून तीन गोष्टी एकदम पडतात. एक हिरवट किंवा तपकिरी वळी, ती खरी विष्ठा. तिच्याबरोबर चुन्यासारखा पांढरा भाग, तो युरेट, म्हणजे घट्ट रूपात बाहेर पडणारी लघवी. आणि कडेने पाण्याचा डाग, ती पातळ लघवी. कलिंगडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ते आत गेलं की बाहेर येणारच. वळी आपल्या आकारात आहे आणि भोवती फक्त पाणी वाढलंय, तर तो जुलाब नव्हे. मँगोने जास्त लघवी केली, एवढंच. वळीच मोडून तिचा चिखल झाला असेल तर त्याला जुलाब म्हणायचं.

हे ओळखायला वर्तमानपत्र काढा आणि पिंजऱ्याखाली साधा पांढरा कागद घाला. छापील अक्षरांवर काही धड दिसत नाही. एक दिवस फळ देऊ नका. पाणी फळाचं असेल तर काही तासांतच डाग आटतात. दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं, पांढरा भाग पिवळा किंवा हिरवा दिसू लागला, शीत अख्खे दाणे दिसले, किंवा पक्षी दिवसा पिसं फुगवून बसला आणि श्वासागणिक शेपटी वरखाली हलू लागली, तर मात्र वाट न बघता पक्षी बघणाऱ्या डॉक्टरकडे न्या. पक्षी आजार लपवतो. तो आजारी दिसायला लागतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. (आणि ड्रॅगनफ्रूट किंवा बीट दिल्यावर लाल डाग दिसला तर रक्त समजून रात्री अकराला फोन करू नका. असे फोन मला वर्षाला चार-पाच तरी येतात.)

दुकानदाराला मी फार दोष देणार नाही, कारण सुरुवातीला मीही हेच केलं. मी मूळचा गुरांचा डॉक्टर. सांगलीकडे आठ वर्षं गाई-म्हशी बघितल्या, मग पुण्यात आलो आणि हळूहळू दारात पिंजरे येऊ लागले. गाईचं शेण पातळ झालं की जे डोक्यात येतं, तेच पोपटाच्या बाबतीत यायचं. ओला पेपर दिसला की लिही अँटिबायोटिक. त्यातले निम्मे पक्षी आजारी नव्हतेच, त्यांनी सकाळी द्राक्षं खाल्लेली असायची, हे मला दोन वर्षांनी उमगलं. पाण्यात टाकायच्या थेंबांबद्दल तर आज माझं मत पक्कं आहे: ते टाकू नका. पक्षी किती पाणी पितो ते ठरलेलं नसतं, म्हणजे औषधाची मात्राही ठरत नाही. चव बदलली म्हणून तो पाणीच कमी पितो, हे वेगळं. आणि व्हिटॅमिनचं गोड पाणी दुपारपर्यंत जंतूंची शाळा होतं.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही लिहिलंय, “बियांमधून ताकद मिळते आणि फळांमधून व्हिटॅमिन, म्हणून दोन्ही देतो.” घोळ या वाक्यात आहे. सूर्यफुलाच्या सोललेल्या बीत वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल असतं, कॅल्शियम अगदी थोडं आणि अ जीवनसत्त्व नसल्यात जमा. ठीक, तेवढी कसर फळं भरून काढतील असं तुम्हाला वाटतं. पण तुम्ही निवडलेली तीन फळं कोणती? सफरचंद, द्राक्ष, केळं. या तिघांतही अ जीवनसत्त्व जवळपास नाही आणि कॅल्शियमही नाही. म्हणजे दोन्ही वाट्यांना एकाच जागी भोक आहे. एका वाटीतून तेल जातंय, दुसरीतून साखर, आणि पोपटाला जे हवं ते दोन्हींकडून गळतंय.

याचा परिणाम लगेच दिसत नाही, म्हणून कोणाचा विश्वास बसत नाही. दीड वर्षाचा मँगो तुम्हाला चकाचक दिसत असेल. माझ्याकडे असे पक्षी येतात ते चार-पाच वर्षांचे झाल्यावर. नाकपुडी बुजलेली, डोळ्याखाली सूज, तोंड उघडून बघितलं तर आत पांढरे चट्टे. टाळूला मधोमध एक खाच असते, तिच्या कडेला बारीक काट्यांची झालर असते. ती झालर झिजून सपाट झालेली दिसली की मी मालकाला बाकी काही न विचारता एवढंच विचारतो: “सूर्यफूल ना?” अ जीवनसत्त्व कमी पडलं की तोंडातलं, नाकातलं मऊ अस्तर कडक होतं, आणि मग जंतूंना दार उघडं. त्यातच तेलकट बियांनी यकृतावर चरबी चढलेली असते.

पेरूचं कौतुकही थोडं खाली आणतो. पेरूत संत्र्याच्या चौपट क जीवनसत्त्व असतं. आपल्यासाठी ती मोठी गोष्ट आहे, कारण माणसाला क जीवनसत्त्व शरीरात बनवता येत नाही. पोपटाला येतं. तेव्हा आपल्या डोक्यातलं ‘फळ म्हणजे व्हिटॅमिन’ हे समीकरण माणसाचं आहे, त्याला चिकटवू नका. पेरू वाईट नाही, मी स्वतः सांगतो द्या म्हणून, पण ज्या कारणासाठी तुम्ही देताय ते कारण तिथे नाही.

“पण जंगलात तर पोपट फळंच खातात ना?” हे मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. पेरूच्या बागेत एकदा नीट बघा. पोपटाने उष्टावलेला पेरू गोड असतो असं आपण लहानपणापासून ऐकतो, आणि एखादा असतोही. पण झाडाखाली जो सडा पडलेला असतो, त्यात कितीतरी पेरू कच्चे, हिरवे, टणक असतात. पोपटाने गर कुरतडून टाकलाय आणि आतल्या बिया फोडल्यात. बहुतेक पोपट मुळात बी फोडणारे पक्षी आहेत. गर हा त्यांच्या वाटेतला अडथळाही असतो. शिवाय जंगलातलं फळ लहान, तुरट, तंतुमय. बाजारातलं फळ पिढ्यान्‌पिढ्या निवडून आपल्या जिभेसाठी गोड केलेलं. आणि जंगलातला पक्षी एका झाडासाठी कोसभर उडतो, मँगो पंख्याला घाबरून सोफ्यावरून पडद्यावर जातो.

इथे एक सांगून टाकतो, सगळ्या पोपटांना एक नियम लागू नाही. लॉरी जातीचे पोपट मध आणि परागकण चाटून जगतात, त्यांच्या जिभेला कुंचला असतो, त्यांच्या ताटात गोड जास्तच लागतं. न्यू गिनीकडचा इक्लेक्टस खराखुरा फळखाऊ आहे. उलट बजरीगर आणि कॉकटील हे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातले, गवताच्या बियांवर वाढलेले. त्यांना फळाची चव दाखवली तरी पुरे. आफ्रिकन ग्रेमध्ये कॅल्शियम कमी पडून झटके येतात, तिथे माझं लक्ष फळापेक्षा पालेभाजीवर असतं. सन कॉन्यूर हा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाचा, गयाना आणि ब्राझीलच्या सीमेकडचा. बिया, फळं, फुलं, कळ्या, सगळं खाणारा. म्हणून तुमच्या मँगोला फळ चालतं, पण किती, हा प्रश्न उरतो.

किती, याचं उत्तर तराजूत आहे. सन कॉन्यूर साधारण शंभर-सव्वाशे ग्रॅमचा असतो. तुम्ही अर्धं केळं देता, ते पन्नास ग्रॅम धरा. म्हणजे साठ किलोच्या माणसासमोर पंचवीस-तीस किलो केळी मांडली. तो सगळं खात नाही हे मान्य, पण गोड गोड वेचून पोट भरतो आणि मग गाजराकडे ढुंकून बघत नाही. भाजी टाकून देतो ही तक्रार इथूनच आली आहे. बासुंदी समोर असताना मुलं पालकाची भाजी खातील का? मी कॉन्यूरला दिवसाला एक मोठा चमचा फळ सांगतो, बारीक चिरलेलं, बस. संपूर्ण आहारात फळाचा वाटा शंभरातले दहा. निम्म्याहून जास्त चांगल्या पेलेट्स (पक्ष्यांसाठी तयार मिळणाऱ्या खाद्याच्या गोळ्या), उरलेल्यात भाजी, मोड आलेले मूग-मटकी, आणि बिया हातून बक्षीस म्हणून. पेलेट्स महाग पडतात याची मला कल्पना आहे. परवडत नसतील तर बियांमधलं सूर्यफूल अगदी कमी करून राळा, बाजरी, वरी वाढवा आणि भाजीचा वाटा दुप्पट करा. अगदी आदर्श नाही, पण आजच्यापेक्षा खूप बरं.

ज्या जीवनसत्त्वासाठी तुम्ही फळं देत होता ते कुठे आहे? लाल भोपळ्यात, गाजरात, शेवग्याच्या पाल्यात, कोथिंबिरीत, लाल सिमला मिरचीत. शरीर ज्यापासून अ जीवनसत्त्व बनवतं ते बीटा-कॅरोटीन गाजरात बहुतेक फळांपेक्षा कितीतरी जास्त असतं. रताळ्याचंही नाव कानावर येईल. पण ते केशरी गराचं हवं, आपल्या उपवासाच्या पांढऱ्या रताळ्यात ते विशेष नाही. भोपळा आणि रताळं वाफवून द्या, मीठ न घालता.

आता ही भाजी त्याच्या पोटात कशी घालायची, ही खरी कसरत. आणि इथेच मी एकदा वाईट चूक केली आहे. एका काकूंच्या कॉकटीलचं वजन ब्याण्णव ग्रॅम होतं, सगळा आहार बियांचा. मी ऐटीत सांगितलं, उद्यापासून बिया बंद, भूक लागली की खाईल. त्यांनी प्रामाणिकपणे पाळलं. चार दिवसांनी आणला तेव्हा काटा अठ्ठ्याहत्तरवर होता आणि पक्षी दांडीवर धड बसत नव्हता. पेलेट्स आणि भाजी हे अन्न आहे हेच त्याला कळलं नव्हतं! तो वाचला, पण तेव्हापासून मी आहार बदलायला सांगताना आधी वजनकाटा घ्यायला सांगतो. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा चालतो. रोज सकाळी, शी झाल्यावर, खाण्याआधी वजन घ्या आणि कॅलेंडरवर लिहा. मूळ वजनाच्या दहा टक्के घट झाली तर थांबा, जुनं खाणं परत द्या आणि डॉक्टरला दाखवा.

मँगोसाठी मी असं करीन. रात्री बियांची वाटी काढून घ्यायची. सकाळी तो भुकेला असतो तेव्हा आधी भाजीच ठेवायची, दीड-दोन तास. त्या वेळी तुम्हीही त्याच्यासमोर बसून गाजर कुरुमकुरुम खा. पोपट थव्यात राहणारा पक्षी, दुसरा खातो ते त्याला हवं असतं, हे कुठल्याही औषधापेक्षा जास्त उपयोगी पडतं. मग बिया द्या, पण मोजून. आणि फळाला आमिष करा: पिकलेली पपई कुस्करून किसलेल्या गाजराला चोळा, डाळिंबाचे चार दाणे वाफवलेल्या भोपळ्यात दाबून ठेवा. दाणा काढताना चोचीला भोपळा लागतोच. आज टाकून देईल, उद्याही टाकेल. काही पक्ष्यांना तीन दिवस लागतात, काहींना तीन महिने. भाजी उचलून खाली फेकणं हीसुद्धा ओळख करून घेण्याची रीत आहे, तेवढ्यावरून हार मानू नका. त्याने तोंडात धरली, ही सुरुवात झाली.

फळांची निवड करायची तर माझी पहिली पसंती पपई, मग पेरू, मग डाळिंब. डाळिंबात जीवनसत्त्वापेक्षा काम जास्त आहे. सालीसकट एक फोड टांगली तर पाऊण तास चोच गुंतून राहते. रिकाम्या वेळात स्वतःची पिसं उपटणाऱ्या पक्ष्याला ते फार चांगलं. फक्त पिंजरा पांढऱ्या भिंतीपासून लांब ठेवा, ते डाग रंगाऱ्यालाही निघत नाहीत. जांभूळ, करवंद, बोर, अंजीर हे आपल्याकडचं हंगामी मोसमात जरूर द्या, जांभळाची आणि बोराची बी काढून. आंबा साल काढून, चीक पुसून, दोन लहान फोडी. केळं आणि चिकू कधीतरी, नखाएवढं. खजूर, मनुका नकोतच, पाणी उडून गेलेली ती नुसती साखर.

द्राक्षांबद्दल माझं मन कडू आहे, ते सांगलीमुळे. द्राक्षबागांत फवारणी कशी चालते ते मी बघितलंय. माणूस धुऊन खातो आणि त्याचं वजन साठ किलो असतं. शंभर ग्रॅमच्या जिवाला तोच डोस फार होतो. द्यायचंच तर भरपूर वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, साल काढा, एकच मणी. सफरचंदाचीही साल काढा, मेणाचा थर असतो. आंबा, केळी, पपई कॅल्शियम कार्बाइडने पिकवणं आपल्या देशात बंद आहे, तरी वरून भडक पिवळा रंग आणि आतून कच्चा गर दिसला तर ते फळ पक्ष्याला नको, तुम्हीही खाऊ नका.

जिवाशी खेळ आहे तो दोन-तीन ठिकाणी. अ‍ॅव्होकॅडो अजिबात नाही. गर, साल, पान काहीच नाही. त्यातल्या पर्सिन नावाच्या विषाने पक्ष्याचं हृदय निकामी होतं, एक-दोन दिवसांत. हल्ली घराघरांत सकाळी टोस्टवर ते लावलेलं असतं आणि पोपट खांद्यावर बसलेला असतो, म्हणून मुद्दाम सांगतो. सफरचंद, पीच, जर्दाळू, प्लम यांच्या बिया काढूनच द्या, चघळल्या की त्यांतून सायनाइड सुटतं. आणि सीताफळ: गर द्या, पण बी एकही नको. खेड्यात उवा मारायला याच बिया वाटून लावत, यावरून काय ते समजा.

चिरलेलं फळ पिंजऱ्यात दोन तासांवर ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये तर तासाभरात काढा. चिलटं दिसली म्हणजे उशीर झालाच. सकाळी भरून ऑफिसला जायचं आणि संध्याकाळी वाटी काढायची, ही सवय कलिंगडापेक्षा जास्त पोटं बिघडवते. तुम्ही दोघंही नोकरी करता असं लिहिलंय, म्हणून फळ संध्याकाळी घरी आल्यावर द्या, समोर बसून. सकाळी भाजी ठेवाल ती तुम्ही निघायच्या आत उचला. दिवसभर पेलेट्स किंवा कोरडे दाणे राहू द्या.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांच्या माहेरचा पोपट वीस वर्षं जगला यावर माझा विश्वास आहे. पण तो फक्त पेरू-मिरचीवर जगला नसणार. त्याला भिजवलेली हरभऱ्याची डाळ मिळत असेल, भाकरीचा तुकडा, मेथीची काडी, अंगणातल्या शेंगा, पाहुण्याच्या ताटातलं काहीबाही. मँगोच्या दोन वाट्यांपेक्षा त्याचं ताट मोठं होतं. (तसा देशी पोपट आज घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हे त्यांना हळूच सांगा, नाहीतर प्रेमाने दुसरा आणतील. मँगो परदेशी असला तरी त्याचीही नोंदणी केंद्राच्या पर्यावरण आणि वन मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. केली नसेल तर बघून घ्या.)

मिरचीच्या बाबतीत मात्र त्या पूर्ण बरोबर आहेत. पक्ष्याला मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, तो चटका देणारा पदार्थ त्यांच्या नसांवर काम करत नाही. फक्त हिरवीऐवजी पिकून लाल झालेली ओली मिरची द्या, तिच्यात तुम्हाला हवं असलेलं अ जीवनसत्त्व बरंच जास्त असतं. देठ त्याच्या पायात द्या, बिया तो स्वतः काढून खाईल. आणि खाऊन झाल्यावर निदान अर्धा तास त्याला खांद्यावर घेऊ नका. तो चोच तुमच्या गालाला पुसतो, आणि तिखट तुम्हाला लागतं.